‘खाजण’ची एकुलती एक कॅसेट

पनवेलला मुद्दाम कोणी जात नाही, पनवेलवरून जातात. मुंबईला निघालेला आमचा कोल्हापूरचा माणूस पनवेल आलं की जागा होतो, तोंड पुसतो, वरची बॅग खाली काढतो आणि "आता आलंच" म्हणतो. त्या गावाशी आमचा एवढाच संबंध. गेल्या हिवाळ्यात मात्र मी पनवेलचंच तिकीट काढलं आणि तीन दिवस राहून आले. कारण विचाराल तर एक कॅसेट.

मी फिल्मचं संकलन करते. म्हणजे लोकांच्या बोलण्यातले खोकले, अडखळणं आणि मधल्या गप्प जागा कापून टाकते. धंदाच तो असल्यामुळे माझा स्वभावही तसाच झालाय, समोरचा जरा थांबला की माझी चुळबुळ सुरू होते. आवडीनं मी एकाच प्रकारचे माहितीपट बघते: न चाललेल्या रॉक बँडांवरचे. त्यांचा साचा ठरलेला असतो. पिकल्या केसांची माणसं, कुठलं तरी गॅरेज, पुठ्ठ्याच्या खोक्यातले फोटो. मग एक नावाजलेला गायक येऊन सांगतो की आम्ही सगळं यांच्याकडूनच उचललं. शेवटी ते म्हातारे पुन्हा एकदा एकत्र वाजवतात आणि मी रडते. साचा पाठ असूनही दरवेळी रडते.

आमच्याही नशिबात असा एक बँड होता. साधारण पस्तीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या गॅदरिंगला पनवेलकडची चार पोरं आली. बँडचं नाव ‘खाजण’. खाजण म्हणजे खाडीकाठची, भरतीचं पाणी आत घेणारी जमीन, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा आम्ही नावालाच हसलो होतो. स्पर्धेत त्यांना उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. पण त्यांच्या एका गाण्यात गळा आणि गिटार मिळून एक ओळ वर चढत जायची आणि शेवटच्या पायरीवर पाय न ठेवता तिथंच थांबायची. अंगावर काटा यायचा. ती ओळ ऐकून आमच्या वर्गातल्या तिघांनी गिटार हातात घेतली, त्यांचं ऐकून सांगली-साताऱ्यात आणखी कोणी कोणी. आज मराठीत जे रॉक वाजवतात त्यांतल्या काहींना मी भेटले. ती ओळ ते सहज गुणगुणतात, पण कुठून आली ते त्यांना सांगता येत नाही. ‘खाजण’ मात्र चार वर्षांत मिटला. अल्बम नाही, रेडिओ नाही. मुंबईतल्या एका कॅसेट कंपनीनं त्यांना दोनदा दारातूनच परत पाठवलं, एवढीच त्यांची कारकीर्द.

त्यांच्यावर फिल्म करायला घेतली आणि वर्षभरात माझ्याकडे आठवणींचा ढीग जमला. आवाज मात्र एक सेकंदाचाही नव्हता. त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाची एकच कॅसेट भरलेली होती आणि ती ड्रमवाल्या दत्ताकडे आहे, असं जो तो सांगायचा. गायक हरेश दोन वर्षांपूर्वी वारला होता, बेस वाजवणारा आखातात गेला तो गेलाच, गिटारवाला म्हणायचा दत्तालाच विचारा. म्हणून मी दत्ताला फोन केला. तो म्हणाला, "या ना मॅडम. कॅसेट हाय. कपाटात हाय."

पळस्पे

दत्तानं मला पळस्पे फाट्यावर उतरायला सांगितलं होतं. बस मला सोडून निघून गेली आणि मी डावीकडे कर्नाळ्याचा सुळका बघत उभी राहिले. आभाळाला अंगठा दाखवावा तसा तो उभा होता. पुढचा पाऊण तास दत्ता फोनवर "मी पळस्प्यालाच हाय" म्हणत होता आणि मीही "पळस्प्यालाच आहे" म्हणून सांगत होते. दोघंही खरं बोलत होतो. तो पुलापलीकडे गोव्याच्या रस्त्याला होता, मी पुण्याच्या. मधून कंटेनर वाहत होते. शेवटी एका पोलिसानं माझ्यावर दया करून मला रस्ता ओलांडून दिला.

दत्ता साठीचा, पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, गाडी घराएवढी. आमच्याकडे शेठ म्हणजे पेढीवर बसलेला माणूस; इथं नव्या शहरासाठी जमीन जाऊन पैसा आला त्या घरातला प्रत्येक पुरुष शेठ. रस्त्यात भेटणारे सगळे त्याला दत्ताशेठ म्हणत होते, म्हणून मीही म्हणू लागले. सिग्नलला गाडी थांबली की त्याची बोटं स्टेअरिंगवर वाजायची, आणि मी बघतेय हे कळलं की थांबायची.

"अजून वाजवता?" मी विचारलं.

"कुटं वो. ड्रम इकून टाकला तवाच."

सुकापूर

सुकापूर हे आता नावापुरतं गाव राहिलंय. नव्या पनवेलला चिकटून इमारती उगवल्यात आणि त्यांच्या मधोमध दत्ताशेठचं दुमजली घर एखादा दात राहावा तसं राहिलंय. मागे मात्र भातखाचराचा एक तुकडा त्यानं ठेवलाय. का ठेवला विचारलं तर म्हणाला, "पोपटी कुटं लावायची मंग?"

पोपटी म्हणजे काय हे मला त्या संध्याकाळी समजलं. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, पुन्हा पाला. मडकं उलटं करून जमिनीवर ठेवायचं आणि भोवती गवत-काटक्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. अर्ध्या तासानं मडकं उघडलं तेव्हा जो वास आला तो आमच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा गर्व उतरवणारा होता. कोल्हापूरकरीण असून मी हे लिहितेय, याची नोंद घ्यावी. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा विचारतात. इथं विचारतच नाहीत, वाढतात.

पण मी खायला आले नव्हते. आल्यावर कॅसेटचं काढलं तर, "दमून आल्या तुमी, आदी हात-पाय धुवा." चहा झाल्यावर काढलं तर पोपटी. पोपटीनंतर काढलं तर कपाटाची चावी सुनेकडे आणि सून माहेरी. मला राग आला. माणूस टाळतोय हे मला ऐकूनच कळतं. शब्दांच्या आधीची पोकळी लांबते. दत्ताशेठची पोकळी भलतीच लांब होती.

भिंतीवर त्याच्या आईचा फोटो होता. कपाळभर कुंकू, नाकात नथ, नजर थेट. "आय माझी. धवलारीन होती," तो म्हणाला. त्यांच्या आगरी लग्नात धवले गाणारी बाई असते, तिला धवलारीण म्हणतात. हळदीपासून लग्न लागेपर्यंत एकेका विधीचं गाणं तिच्या गळ्यात असतं. "पन मांडवाबाहेर गायची नाय कदी. आमी पोरं हट्ट करायचो, घरात म्हन. मांडव नाय तर धवला नाय, बोलायची." कॅसेटबद्दल एक वाक्य धड न बोलणारा माणूस आईबद्दल मात्र कितीतरी वेळ बोलला.

ओवे

दुसऱ्या दिवशी मी ओव्याला गेले. खारघरच्या टोलेजंग वसाहतीला वळसा घातला की डोंगराच्या अंगाला हे जुनं गाव लागतं. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं भेटली तर एकानं ओट्यावर चढायचं. हरेशची बायको वनितावहिनी तिथं राहते आणि तांदळाच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेते. मी गेले तेव्हा कोपरापर्यंत उकडीत हात होते.

आम्ही ज्वारीची भाकरी धाडधाड बडवतो. वहिनी पाण्याचा हात लावून परातीत अशी थापत होती की आवाजच येत नव्हता. मी कॅमेरा काढला तशी ती थांबली.

"बाय, आदी ऐकून घ्या. माझा मानूस तुमच्या फिल्ममधी नुसता फोटोत बसनार. लोक बोलतील, कोन हा, यानं काय केलं? मी काय दाखवू? भाकऱ्या? आवाज नाय तर फोटो पन नाय."

मोबाइलमध्ये काहीच नाही का, मी विचारलं.

"हाय ना. आजारातला. घशाचं दुखनं, सगला फाटलेला. तो हरेशचा आवाज नाय. नातवंडाना वाटतं आजोबा असाच बोलायचा."

मग तिनं सांगितलं. हरेश आजारपणात पुन:पुन्हा म्हणायचा, कॅसेट दत्त्याकडंच राहू दे, त्याला मागू नको कधी. तिनं वर्षश्राद्धाला मागितली. दत्तानं सांगितलं, सापडत नाही. महिन्यानं पुन्हा मागितली, तेव्हाही तेच. तेव्हापासून तिनं त्याच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं.

"सख्ख्या भावासारका होता. माझ्या लग्नात नाचून नाचून पाय सुजलेले त्याचे. आनि आता एक कॅसेट देववत नाय त्याला." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आनलीत कॅसेट तर या. नाय तर जेवायला या, पन ते यंत्र नको."

निघताना तिनं सुकट घातलेलं वांगं आणि तीन भाकऱ्या बांधून दिल्या. नकार देऊन वर शिदोरी देणारी माणसं मी याआधी बघितली नव्हती. बसमध्ये ते वांगं माझ्या पिशवीत सांडलं आणि माझ्या वहीच्या निम्म्या पानांना अजून सुकटीचा वास आहे.

संध्याकाळी मी दत्ताशेठला सरळ सांगितलं, वहिनी काय म्हणाली ते आणि उद्या कॅसेट नसेल तर मी परत जाते तेही. फिल्म संपली म्हणून समजा.

"उद्या इक्बालच्या दुकानात या," तो म्हणाला. "घेऊन येतो."

पनवेल

इक्बालभाई म्हणजे ‘खाजण’चा गिटारवाला. जुन्या पनवेलमध्ये, वडाळे तळ्याच्या मागच्या बोळात त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आता तिथं दुरुस्तीला मिक्सरच जास्त येतात, पण मागच्या फळीवर एक जुना टेपरेकॉर्डर त्यांनी जपून ठेवलाय. मी पोचले तेव्हा ते त्याचा पट्टा बदलत होते.

"ती टेप मी भरलीय, ताई. मिक्सरमधून सरळ वायर घेतली होती. कसम से, असा साफ आवाज तेव्हा इथं कुणी भरला नव्हता. आणि खबरदारी म्हणून वरचे दोन टवकेपण मोडून टाकले."

कॅसेट ज्यांनी हाताळली नाही त्यांच्यासाठी सांगते. कॅसेटच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन बारीक टवके असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही, आधीचं सुरक्षित राहतं. तिथल्या खाचांवर चिकटपट्टी लावली की मात्र पुन्हा भरता येतं. आमच्या पिढीतल्या प्रत्येकानं कधी ना कधी हे केलेलं आहे.

इक्बालभाईंनी मला न विचारता एक काम केलं होतं. वनितावहिनीला फोन करून बोलावलं होतं. ती दुकानातल्या एकमेव खुर्चीवर पदर घट्ट धरून बसली होती. दत्ताशेठ दारात आला, तिला बघून तिथंच थबकला. मग आत येऊन त्यानं खिशातून कॅसेट काढून काउंटरवर ठेवली.

लाल शाईत लिहिलं होतं: ‘खाजण. हात लावायचा नाय. हरेश.’

वहिनीनं अक्षरावरून बोट फिरवलं. इक्बालभाईंनी कॅसेट उचलली, सवयीनं अंगठा वरच्या कडेवर नेला आणि तो तिथंच राहिला. खाचांवर चिकटपट्टी होती. जुनी, पिवळी पडलेली.

"दत्ता, ही पट्टी कोणी लावली?"

"मी."

"दोन्ही बाजू?"

"दोन्ही. दोन्हीवर दुसरं भरलं."

फिल्म गेली, हा विचार आधी आला, माणसांचा नंतर. खोटं कशाला लिहू.

दत्ताशेठ कोणाकडेच न बघता बोलला. "आयला तवा खोकला होता. रक्त पडायचं. आमाला दोगाना म्हाईत, मना नि तिला. हे तिचं शेवटचं लगीन, पुडं नाय गायला मिलनार. मांडवाबाहेर ती गानार नाय, म्हनून टेप मांडवातच लावली खुर्चीवर. नवी कॅसेट आनलेली, ती गुंतली, सगली पट्टी भायेर. दुकानं बंद. जवल ही एकच. आय बसलीपन गायला. मी हिच्यावर चिकटपट्टी लावली. मना वाटलं, आपन काय, परत वाजवू, परत भरू. पावसाल्यात आय गेली. आमी परत वाजवलं नाय. हरेशला सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू, तीस वर्षं झाली. तो समजत होता कॅसेट नीट हाय माझ्याकडं. तसाच गेला तो, समजत."

"तुम्ही ऐकलीत ही?" मी विचारलं.

"कदीच नाय. हिंमतच झाली नाय."

वहिनी उठली. पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेली आणि मागे न वळता म्हणाली, "कुनाचं लगीन होतं?"

"तुजं," दत्ताशेठ म्हणाला. "हरेशच्या मांडवातली हलद."

त्यांच्याकडे हळद नवरीच्या घरी वेगळी, नवऱ्याच्या घरी वेगळी होते. म्हणजे त्या दिवशी वहिनी ओव्यापासून लांब, माहेरच्या मांडवात बसलेली होती. हरेशच्या मांडवात काय झालं ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. ती परत येऊन खुर्चीत बसली. "लाव," ती इक्बालभाईंना म्हणाली.

आधी खरखर. भांड्यांचे आवाज, बायकांचं हसणं, कोणीतरी कुणाला तरी पाट आणायला सांगतंय. मग दत्ताशेठच्या आईचा आवाज. चिरका, दमलेला, मध्ये श्वास घेताना घरघर ऐकू येत होती. आणि ती ओळ. वर चढत गेली, शेवटच्या पायरीवर पाय न ठेवता तिथंच थांबली, आणि मागच्या बायकांनी ती उचलली.

मी इक्बालभाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "हरेश मांडवामागं बसून शिकला ती. मी फक्त गिटारवर घेतली." इतकी वर्षं आम्ही समजत होतो की ‘खाजण’नं ती ओळ परदेशी गाण्यांतून उचलली. माझी मलाच लाज वाटली.

बारा-तेरा मिनिटं ती गात राहिली. दत्ताशेठ भिंतीला टेकून उभा होता, डोळे मिटलेले. मग टेपमध्ये पावलं जवळ आली. खुर्ची हलली असावी. आणि एक तरुण, भरदार आवाज अगदी आपल्या कानाशी बोलावा तसा बोलला:

"जल्ला, ही तर आपलीच कॅसेट!"

वहिनीच्या हातातली पिशवी पडली.

कोणी बाई विचारत होती, "बंद करू काय रं? तुजं हलदीचं हात."

त्यानंतर चार सेकंद तो काहीच बोलत नाही. मागे म्हातारी गातच असते. अशा जागा कापण्यात माझं आयुष्य गेलंय, पण फिल्ममध्ये हे चार सेकंद मी होते तसे ठेवलेत.

"नको," हरेश म्हणाला. "आय गाते ना. चालू दे." मग जरा हलक्या आवाजात, "दत्त्याला बोलू नको काय, मी बगितलं म्हनून. जिवाला लावून घेईल. आपलं काय, आपन परत वाजवू."

पावलं लांब गेली.

दत्ताशेठ खाली बसला. दुकानाच्या फरशीवर, वायरींच्या तुकड्यांत, तो पांढरा शर्टवाला शेठ लहान मुलासारखा हुंदके देत रडला. इक्बालभाईंनी टेप बंद करायला हात पुढे केला तर वहिनी म्हणाली, "नको. चालू दे." मीही रडत होते. या वेळी समोर कोणताही साचा नव्हता.

बाजू संपून बटण आपोआप वर आलं तेव्हा वहिनीनं माझ्याकडे बघितलं. "हा आवाज हाय हरेशचा. फोटो घेऊन जा."

"पण आय मांडवाबाहेर..." दत्ताशेठ खालूनच म्हणाला.

"मंग मांडव घाल. तुज्या त्या खाचरात. पयल्यांदा तितं दाकवील ही बाय. माज्याच लग्नाचा धवला हाय, मी येते."

मी हो म्हणाले. मांडवाखाली, आंब्याच्या डहाळ्यांत, माझ्या फिल्मचा पहिला खेळ होईल असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. तो आता ठरलाय.

निघताना दत्ताशेठनं कॅसेट दोन्ही हातांत धरून वहिनीपुढे केली. तिनं ती घेतली, लाल अक्षरांवरून पदरानं पुसली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात परत ठेवून दिली.

"तुज्याकडंच राहू दे," ती म्हणाली. "तो बोललाय तसं."